नागपूरचा ड्रॉइंगचा वर्ग आणि रझांचा बिंदू



भोपाळात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना सय्यद हैदर रझा यांची एक गोष्ट तोंडपाठ असते. मंडला जिल्ह्यातलं ककैया गाव, तिथली प्राथमिक शाळा. मुलगा हुशार पण लक्ष ठिकाणावर नाही. म्हणून नंदलाल झारिया गुरुजींनी एक दिवस शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं, व्हरांड्याच्या पांढऱ्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सगळं विसरून याच्याकडे बघत राहा, असं सांगितलं. पुढे त्याच ठिपक्याचा जगप्रसिद्ध ‘बिंदू’ झाला. गोष्ट संपली. ऐकणारा मान डोलावतो, आणि सांगणाराही खूश होतो.

गोष्ट खरी आहे. रझांनी ती स्वतः कैकदा सांगितली. माझी तक्रार एवढीच की या गोष्टीतून पन्नास वर्षं गाळली जातात. रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा. भिंतीवरचा ठिपका पाहिला तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे असतील. कॅनव्हासवर बिंदू मध्यभागी येऊन ठाण मांडून बसला तो १९८० च्या सुमारास. मधल्या काळात या माणसाने काय केलं? चित्रं काढली. घरं, रस्ते, डोंगर, झाडं, देवळं, माणसं. समोर दिसतं ते कागदावर उतरवलं, मोडलं, पुन्हा उतरवलं. आणि या कामाची पहिली शिस्तशीर चार वर्षं, १९३९ ते १९४३, गेली आपल्या नागपुरात. त्या चार वर्षांची आठवण आपण मराठी माणसांनीही ठेवलेली नाही. हा लेख त्या आठवणीसाठी आहे.

मी चित्रकार नाही. कलासमीक्षक तर मुळीच नाही. चाळीसेक वर्षं याच शहरात होमिओपॅथीचा दवाखाना चालवला. साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्यांत आयुष्य गेलं. पण माझे थोरले काका वऱ्हाडात ड्रॉइंग मास्तर होते, आणि आमच्या घरात चित्रकलेविषयी जे काही बोललं जाई ते या काकांच्या तोंडून. तेव्हा मी जे सांगेन ते एका ड्रॉइंग मास्तराच्या पुतण्याने सांगितलेलं समजा.

आधी नागपूर का, ते पाहू. आज मंडल्याचा किंवा दमोहचा मुलगा शिकायला जबलपूरला जाईल, भोपाळला येईल, फार तर दिल्ली गाठेल. नागपूर त्याला परक्या राज्यातलं शहर वाटतं. १९३९ मध्ये तसं नव्हतं. मंडला, दमोह, जबलपूर, सागर हे सगळे जिल्हे मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. कचेरी, कोर्ट, कॉलेज, सगळं तिथे. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा त्या शहरात एका छपराखाली नांदत होत्या. रझांचे वडील जंगलखात्यात नोकरीला होते, डेप्युटी रेंजर. दमोहला शाळा झाली आणि मुलगा चित्रकला शिकायला नागपूरला गेला, यात कोणालाच काही विशेष वाटलं नसणार.

आपली गोष्ट नेमकी याच्या उलट दिशेने घडली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बाकीच्या भागाला मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ जोडून नवं मध्यप्रदेश झालं, आणि राजधानी म्हणून भोपाळ निवडलं गेलं. नागपूर सचिवालयातल्या फायली, कपाटं आणि कारकून गाडीत बसून इथे आले. त्यांत माझे वडील होते. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांचे वडील किंवा आजोबाही असतील. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांत आपली मराठी घरं मांडली गेली. रझा मंडल्याहून नागपूरला गेले, आपण नागपूरहून भोपाळला आलो. या येण्याजाण्यात नागपूरचा तो ड्रॉइंगचा वर्ग दोन्हीकडच्या लोकांच्या हातून निसटला. मध्यप्रदेशवाले रझांना मंडल्याचे म्हणतात, मुंबईवाले प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे, फ्रेंच लोक पॅरिसचे. नागपूरचे कोणीच म्हणत नाही.

नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवले हे त्यांचे गुरू. तिथल्या रोजच्या तासांचं वेळापत्रक माझ्यापाशी नाही, पण त्या काळचा ड्रॉइंगचा वर्ग साधारण कसा चाले हे काकांमुळे मला ठाऊक आहे. सरकारी कलाशिक्षणाची पद्धत विलायतेतल्या साउथ केन्सिंग्टनहून आलेली. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ चं. तिथून ती गावोगावच्या शाळांत झिरपली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांची नावं विदर्भातून आलेल्या घरांत अजून निघतात. त्यांत वस्तुचित्र असे, स्मरणचित्र असे, मुक्तहस्तचित्र असे, संकल्पचित्र असे. आणि एक पेपर असा होता, ज्याचं नाव ऐकूनच पोरं घाबरत: कर्तव्यभूमिती.

काय सुंदर शब्द आहे पाहा. गणिताच्या तासाची भूमिती सिद्ध करायची असते, ही करायची. दिलेल्या रेषेवर षट्कोन काढा. वर्तुळात समान पाच भाग पाडा. दोन वर्तुळांना स्पर्श करणारी तिसरी रेषा ओढा. पेन्सिलीला कानशीसारखं टोक, कंपासच्या टोकाने कागदाला भोक पडता कामा नये, आणि रचनेच्या फिकट रेषा खोडायच्या नाहीत, कारण गुण त्यांनाच असतात. काका म्हणत, उत्तरापेक्षा उत्तराकडे जाणारा रस्ता परीक्षकाला दिसला पाहिजे.

आता गंमत अशी की सकाळच्या तासाला मुलगा कर्तव्यभूमितीत चोख वर्तुळ काढी आणि दुपारच्या तासाला त्याच्यासमोर पितळेची कळशी ठेवली जाई. कळशीचं तोंड गोल आहे हे त्याला माहीत आहे. पण समोरून पाहताना ते गोल दिसत नाही. चपटं, लांबट दिसतं. नवखा मुलगा हमखास काय करतो? माहीत असलेला गोल काढतो, आणि कळशी पुढच्या माणसाच्या अंगावर ओतल्यासारखी दिसते. मास्तर येऊन सांगणार: तुला माहीत आहे ते काढू नकोस, दिसतं आहे ते काढ. महिने-दोन महिने लागतात डोळ्याला हे पटायला. एकदा पटलं की मुलाच्या डोक्यात दोन वर्तुळं एकत्र राहू लागतात. एक खरं, कंपासचं. दुसरं दिसणारं, दबलेलं. माझ्या समजुतीने भौमितिक अमूर्त चित्राचं बी इथे पडतं. समोर दिसणाऱ्या दबलेल्या तोंडातून पुन्हा पूर्ण वर्तुळाकडे परत जाणं, असा तो प्रवास आहे. ज्याने दबलेलं वर्तुळ कधी काढलंच नाही त्याला परत यायला जागाच नसते. तो निघालेलाच नसतो.

हे मी उगाच लांबवत नाही. अलीकडे आमच्या घरात हाच प्रश्न कागदाच्या रूपाने आला. नात सातवीत आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला सांगितलं होतं, आपल्या एका ड्रॉइंगवरून जॉमेट्रिकल अॅब्स्ट्रॅक्ट करून आणा. सांगणारे शिक्षक चांगले असणार. अभ्यास उत्तमच आहे. पण वर्गातल्या बहुतेक मुलांनी मधला शब्द गाळला. ड्रॉइंग बाजूला राहिलं आणि कंपासपेटीतून त्रिकोण, वर्तुळ, अर्धवर्तुळ कागदावर सांडले, स्केचपेनने भरले, झालं. नातीनेही तेच केलेलं.

“आजोबा, कसं आहे?”

“रंग छान भरलेस. पण हे कशाचं?”

“कशाचं नाही. अॅब्स्ट्रॅक्ट आहे ना!”

“तुझं ड्रॉइंग कुठे गेलं?”

“ते वहीत आहे. बोट क्लबचं.”

तर आम्ही वही उघडली. बडा तालाब, पलीकडचा काठ, पुढे एक नाव, मावळता सूर्य. मुलांनी काढतात तसं, पण नाव तिने खरोखर काठावर बसून काढली होती, हे कळत होतं. नावेचं टोक वर उचललेलं होतं आणि वल्ही एकसारखी नव्हती.

पुढे काय करायचं ते मी काकांच्या वहीतून तिला सांगितलं. तुम्हालाही सांगतो, घरी करून पाहण्यासारखं आहे. चित्रावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवा. चित्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या चार-पाच रेषाच उचला: पाण्याची कड, नावेची तिरपी बाजू, टेकडीचा उतार, वल्ह्याची दिशा. मग पट्टी लावून या रेषा थांबतात तिथे न थांबवता कागदाच्या कडेपर्यंत लांबवा. लगेच एक चमत्कार होतो. नावेची रेषा टेकडीला जाऊन छेदते, वल्ह्याची रेषा सूर्यातून आरपार जाते, आणि जिथे नुसती हवा होती तिथे आकार उभे राहतात. म्हणजे रिकामी जागाही चित्राच्या कामाला लागते. आता यातल्या कोणत्या रेषा ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हा खरा प्रश्न, आणि त्याला पट्टी उत्तर देत नाही. मग डोळे बारीक करून मूळ चित्राकडे पाहा, म्हणजे तपशील विरघळतो आणि फक्त गडद-फिका असे मोठे भाग उरतात. तेवढेच भाग नव्या कागदावर सपाट रंगांनी भरा. रंग मोजके, चार पुरेत. सावली देऊन गोलाई आणायची नाही. कोणता गरम रंग पुढे येतो आणि कोणता थंड रंग मागे सरकतो, एवढंच सांभाळायचं.

रविवारची सगळी दुपार गेली. शेवटी कागदावर नाव नव्हती, पण नावेचा वर उचलला जाणारा जोर होता. “हे माझंच आहे,” असं ती म्हणाली, आणि आधीचा कागद तिने स्वतःहून वहीच्या मागच्या पानात सरकवला. आमच्या पेशात याला समांतर गोष्ट आहे. रुग्ण तासभर हकिकत सांगतो: झोप, भूक, घाम, स्वप्नं, कोणत्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं. आम्ही पानं भरतो, आणि शेवटी एका ओळीत एका औषधाचं नाव लिहितो. त्या एका नावात ती सगळी पानं असतात. हकिकत न ऐकता कोणी तेच नाव लिहिलं, तर अक्षरं तीच, पण ते औषध त्या माणसाचं नव्हे.

हा प्रवास युरोपात कसा झाला याचा एक फार बोलका दाखला आहे. थिओ व्हॅन डूसबर्ग नावाचा डच चित्रकार. १९१७ च्या सुमारास त्याने गाय घेतली. आधी चरणाऱ्या गाईची पेन्सिलची चित्रं, मग तिचे ठोकळे, मग ठोकळ्यांचे चौकोन, आणि शेवटी पांढऱ्यावर मांडलेले रंगीत आयत. त्यांत शिंग नाही, शेपूट नाही. १९२५ मध्ये जर्मनीतल्या बाऊहाउस या कलाशाळेने त्याचं एक छोटं पुस्तक काढलं, त्यात त्याने गाईच्या फोटोपासून शेवटच्या चित्रापर्यंतच्या पायऱ्याच छापल्या. काकांच्या परीक्षकाला तो आवडला असता. रचनेच्या रेषा त्याने खोडल्या नाहीत. त्याचा सोबती पीट माँद्रियान, ज्याच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकटी आज साड्यांवर आणि टाइल्सवरही दिसतात, तो तर रीतसर ड्रॉइंग मास्तर व्हायला शिकलेला. १८८९ मध्ये प्राथमिक आणि १८९२ मध्ये माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवण्याची प्रमाणपत्रं त्याने घेतली होती. त्याने वर्षानुवर्षं झाडं काढली. लाल झाड, करडं झाड, फुललेलं सफरचंदाचं झाड. फांद्या हळूहळू रेषा झाल्या.

आता रझांकडे परत. नागपूर संपल्यावर ते १९४३ मध्ये मुंबईला गेले. पोटासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझाइनचं काम धरलं, संध्याकाळी आणि मिळेल तेव्हा जे. जे. स्कूलसाठी, स्वतःसाठी चित्रं. फोर्टातले रस्ते, पावसातली गर्दी, ट्राम, सगळं जलरंगात. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यांतले गाडे आणि बाकरे मराठी, हे आपण अभिमानाने सांगतो. आरा नि हुसेनही मुंबईत वाढले वा रुळले. याच सुमारास घर मात्र उधळलं गेलं. आई-वडील एकापाठोपाठ गेले, फाळणी झाली, भावंडं पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत.

१९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला, छायाचित्रकार म्हणून तेव्हाच नावाजलेला. त्याने चित्रं पाहिली आणि सांगितलं ते साधारण असं: तुझ्यात गुण आहे, पण तुझ्या चित्रांत बांधणी नाही. घर बांधायचं तर पाया लागतो, भिंती, तुळया, छप्पर लागतं, चित्राचंही तसंच. सेझान नीट बघ. हे वाचताना मला नेहमी वाटतं, कौतुकाच्या वयात आलेल्या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराला हे जिव्हारी लागलं असतं तर नवल नव्हतं. सूझासारखा तापट माणूस उठून गेला असता. रझांनी हे ऐकून घेतलं, मुंबईत फ्रेंच शिकायला सुरुवात केली, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये बोटीने पॅरिसला निघाले. मला यात नागपूर दिसतं. मास्तर येऊन चूक दाखवतो आणि विद्यार्थी खोडरबर उचलतो, ही सवय वर्गातच लागते. नंतर लागत नाही.

सेझानने १९०४ मध्ये एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला लिहिलेल्या पत्रात निसर्गाकडे नळकांडं, गोल आणि शंकू यांच्या आधाराने पाहायला सांगितलं आहे. कलेच्या इतिहासात या वाक्यावर ग्रंथ लिहिले गेले. काकांच्या शाळेच्या कपाटात मात्र हेच तीन आकार लाकडात कोरून, पांढरा रंग देऊन ठेवलेले असत, वस्तुचित्राच्या पहिल्या तासासाठी. नागपुरात शिकलेल्या विद्यार्थ्याला सेझान कदाचित ओळखीचाच वाटला असेल.

पॅरिसमधली पहिली दोन-तीन वर्षांची चित्रं पाहा, छापील पुस्तकांत तरी. ‘ओ द कान्य’ हे १९५१ चं ग्वाशमधलं चित्र. दक्षिण फ्रान्समधल्या टेकडीवरचं गाव. घरं ठोकळ्यांसारखी एकावर एक रचलेली, भिंती सपाट, रस्त्यावर माणूस नाही. मुंबईचा पाऊस आणि गर्दी गेली, पाया आणि तुळया आल्या. याच काळात घरांच्या डोक्यावर एक काळं वर्तुळ येऊ लागतं. सूर्य म्हणावा तर काळा. जाणकार त्याला बिंदूचा पूर्वज मानतात, आणि ते बरोबर वाटतं. पण लक्षात घ्या, हे वर्तुळ आकाशातून, निसर्गचित्रातून खाली आलं आहे. तत्त्वज्ञान त्याला पुढे चिकटलं.

मधली वर्षं मी भराभर सांगतो. १९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदाच. १९५९ मध्ये चित्रकार जानीन माँजिया यांच्याशी लग्न. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलेला शिकवणं. तिथल्या चित्रकारांचा मोकळा हात पाहून रझांची बांधणी पुन्हा सैल झाली. साठ-सत्तरच्या दशकातली चित्रं म्हणजे रंगाचे लोट. त्यांत मंडल्याचं रात्रीचं जंगल आहे असं ते सांगत. बाजारात या चित्रांनाही मोठा भाव आहे, पण माझं मन तिथे रमत नाही. नावाजलेला माणूस, हात चालतो आहे, आणि आत कुठेतरी अस्वस्थ. पॅरिसमध्ये सगळं मिळूनही यात आपलं काय, असा प्रश्न त्यांना पडला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

१९७८ मध्ये मध्यप्रदेश सरकारने त्यांना भोपाळला बोलावलं, गौरव केला, चित्रांचं प्रदर्शन भरवलं. यात अशोक वाजपेयी यांचा पुढाकार. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला या घटनेचा पत्ताही नव्हता. शहराचं लक्ष दुसरीकडेच होतं. पण या सुमारास रझांचं मंडल्याकडे, भारताकडे येणं वाढलं आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. १९८१ चं ‘माँ’ हे मोठं चित्र पाहा: एका बाजूला काळा बिंदू, बाकीचा भाग आडव्या-उभ्या चौकटींत विभागलेला, आणि त्यात वाजपेयींच्या कवितेतली एक ओळ देवनागरीत लिहिलेली. लोट पुन्हा पट्टीवर आले. १९८३ चं ‘सौराष्ट्र’ हे दोन मीटर बाय दोन मीटरचं चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटींच्या वर गेलं, म्हणून पेपरांत झळकलं. किंमत विसरून त्याकडे पाहा. शेतांचे तुकडे आहेत, तापलेली माती आहे, आणि कोपऱ्यात चौकटीत बसवलेला काळा गोल. भूप्रदेश आहे तो. फक्त रेषा कागदाच्या कडेपर्यंत लांबवल्या आहेत.

इथे कोणी मला अडवेल. डॉक्टर, आपल्या आज्यांनी, आयांनी हे कधीच केलं आहे. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी चाळायची, ठिपके उमटले की जोडायचे. झालं भौमितिक अमूर्त. मला तर आमच्या मंदिरातला अडीच द्वीपांचा पटही आठवतो. मध्ये मेरू, त्याभोवती जंबूद्वीप, मग लवणसमुद्राचं वलय, मग पुढचं द्वीप, वर्तुळात वर्तुळ. लहानपणी आरती चालू असताना मी त्या वलयांत हरवून जात असे. मान्य. आणि रझांनी आपल्या परंपरेतलं हे धन डोळसपणे घेतलं हेही खरं; बिंदू, त्रिकोण, पंचतत्त्व, अंकुरण ही नावं त्यांनी तिथूनच उचलली. तरीही रांगोळी ठिपक्यापासून निघते आणि पट शास्त्रापासून निघतो. पटात काहीच गाळलेलं नसतं, उलट नद्या-पर्वतांची मापंसुद्धा त्यात घातलेली असतात. वर्गातल्या ड्रॉइंगवरून निघणारं चित्र मात्र समोर पाहिलेल्या वस्तूपासून निघतं आणि गाळत जातं. रझांच्या बिंदूत हे दोन्ही रस्ते येऊन मिळतात, आणि आपण फक्त पहिला सांगतो. तो सांगायला सोपा आणि ऐकायला गोड आहे. दुसऱ्यात कळशी आहे, खोडरबर आहे, चार वर्षं आहेत.

याचा परिणाम आपण पाहतोच आहोत. बिंदू कॅलेंडरवर आला, उशीच्या अभ्र्यावर आला, हॉटेलच्या भिंतीवर आला. वाटतं, एक गोल आणि चार त्रिकोण, यात काय मोठं? शाळाही तसंच समजू लागल्या तर मुलांना अमूर्त म्हणजे पाहण्यातून सुटी असं वाटेल, आणि ते फार मोठं नुकसान असेल, कारण सातवीतल्या मुलाच्या डोळ्याला त्या वयात जी शिस्त लागते ती पुढे विकत मिळत नाही. नक्कल करणाऱ्यांचा एक किस्सा मुद्दाम सांगतो. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांचं प्रदर्शन होतं. स्वतः रझा, सत्त्याऐंशीच्या उंबरठ्यावरचे, पाहायला गेले आणि भिंतींवरची बहुतेक चित्रं आपली नाहीतच, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. प्रदर्शन बंद करावं लागलं. चोरांनी नक्कल बिंदूची केली नव्हती. त्यांनी नक्कल केली होती चाळीस-पन्नासच्या दशकातल्या रेखाटनांची आणि जलरंगांची, त्या वर्षांची, ज्यांच्याकडे आपलं कोणाचं लक्ष नव्हतं. जिथे कोणी पाहत नाही तिथेच चोरी सोपी असते. त्या दिवशी त्या दालनात फक्त एका माणसाला आपला तरुणपणीचा हात ओळखता आला.

मराठी संस्थांनी या बाबतीत एक काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. नागपूरहून आलेल्या आपल्या घरांत अजून जुन्या ट्रंका आहेत. त्यांत एलिमेंटरीची सर्टिफिकेटं, कर्तव्यभूमितीच्या वह्या, बापूरावांच्या पिढीतल्या ड्रॉइंग मास्तरांच्या हातचे नमुने निघू शकतील. काकांच्या तीन वह्या माझ्यापाशी आहेत. कागद पिवळा पडला असला तरी रचनेच्या रेषा अजून दिसतात. वाळवी लागण्याआधी हे सगळं एका ठिकाणी आलं, त्याचे फोटो काढले गेले, कोणत्या गावच्या शाळेतलं, कोणत्या सालचं अशी नोंद झाली, तर १९३९ मधल्या नागपूरच्या विद्यार्थ्यासमोर टेबलावर काय ठेवलं जात होतं याचं चित्र उभं राहील. मी माझ्या तीन वह्या द्यायला तयार आहे.

रझा २०१० च्या अखेरीस पॅरिस सोडून दिल्लीला राहायला आले. वय अठ्ठ्याऐंशी. शेवटपर्यंत रोज काम करत होते. त्या अखेरच्या चित्रांत हात थरथरलेला दिसतो. वर्तुळाची कड डगमगते, रंग रेषेबाहेर जातो. काही जाणकारांना ती चित्रं उतरती वाटतात. मला ती आवडतात. कंपास बाजूला ठेवून नुसत्या हाताने गोल काढणाऱ्या मुलाची आठवण त्यांतून येते. २३ जुलै २०१६ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला नेलं, आणि तिथल्या कब्रस्तानात वडिलांच्या शेजारी जागा दिली.